पाचट काढलेलं इंग्रजी

थांबा, आधी पुस्तकाचं सांगते. नाहीतर मी नेहमीसारखी मधूनच सुरू करेन आणि तुम्हाला काही कळणार नाही.

बारावीत असताना मी अमेरिकेतल्या कॉलेजांसाठीची ती मोठी परीक्षा दिली होती. गणित आणि इंग्रजी. इंग्रजीत निबंध-बिबंध काही लिहायचा नसतो. एक उतारा असतो, त्यातली एक जागा गाळलेली असते आणि खाली चार पर्याय. चारही सख्खे भाऊ. एकात स्वल्पविराम, एकात अर्धविराम, एकात काहीच नाही, एकात क्रियापद जरासं बदललेलं. वाटतं, ह्यात काय, वाचलं की कळेल. माझं त्यात पानिपत झालं. घरी आले आणि सरावाचं ते जाडजूड पुस्तक रागारागाने रद्दीत देऊन टाकलं.

आठ-दहा दिवसांनी सोसायटीच्या गेटवरून फोन आला. वॉचमन म्हणाला, "मॅडम, एक बाबा आलेत. तुमचं पुस्तक आणलंय म्हणतात. मी घेतो म्हटलं तर देत नाहीयेत."

खाली गेले. पांढरा लेंगा, वर बंडी, डोक्यावर टोपी, कानावर पेन्सिल आणि पोटरीपर्यंत चिखल. हातात माझं पुस्तक. पहिल्या पानावर मी नाव आणि फ्लॅट नंबर लिहिलेला होता, त्यावरून शोधत आले होते.

"ह्ये तुझं?"

"हो, पण मी टाकून दिलंय ते."

"म्हाईत हाय. रद्दीवाल्याकडनं घेतलं मी. त्रेसष्ट चुका हायेत तुझ्या."

"अहो काका, परीक्षा झाली माझी."

"परीक्षा झाली गं. चुकांचं काय केलंस?"

त्यांनी पुस्तक उघडून दाखवलं. माझ्या प्रत्येक चुकलेल्या उत्तराशेजारी, पेन्सिलने, मुंगीएवढ्या अक्षरात, काय चुकलं ते लिहिलेलं. त्रेसष्टच्या त्रेसष्ट! इंग्रजीत! एका जागी तर नुसतं मराठीत 'घाई' असं लिहून खाली दोन रेघा मारलेल्या.

"असं उघड्यावर टाकून जाऊ ने," ते म्हणाले. "चूक आपली असती. जपायची असती." आणि पुस्तक माझ्या हातात देऊन निघाले. गेटपाशी वळून म्हणाले, "मागं घर हाय माझं. घुले. यायचं तर ये."

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी कायमची 'रद्दीवाली'. माझं खरं नाव त्यांनी कधी उच्चारलं असेल असं मला वाटत नाही.

आमची सोसायटी शहराबाहेरच्या मांजरी गावात. ज्या जमिनीवर आमचे टॉवर उभे आहेत ती कधीकाळी ह्याच घुल्यांच्या भावकीची होती. घुले सरांनी आपला एक एकर तेवढा ठेवला होता. तीन बाजूंनी बाराबारा मजले आणि मध्ये ऊस. वरून बघितलं की कुणीतरी हिरवी सतरंजी वाळत घातल्यासारखं दिसायचं. त्या उसाच्या कडेला दोन खोल्या, एक पडवी, एक म्हैस आणि काकू.

मला वाटलं, असतील कुठल्यातरी शाळेचे रिटायर्ड मास्तर. छे! सर ऊस-संशोधनाच्या एका ऑफिसात टायपिस्ट होते. सगळी नोकरी त्यांनी साहेबांचे इंग्रजी पेपर टाइप करण्यात काढली. उसाला कुठली कीड लागते, साखर किती उतरते, असले पेपर. ते परदेशात जायचे, तिथून लाल शाईने दुरुस्त होऊन परत यायचे आणि पुन्हा टाइप करायला सरांच्याच टेबलावर. सर आपली कार्बन कॉपी शेजारी ठेवायचे आणि बघत बसायचे, हे लाल का केलं असेल? इथला शब्द तिकडे का गेला? विचारायला कुणी नव्हतं. साहेबाला विचारलं तर साहेब म्हणायचा, घुले, तुम्ही फक्त टाइप करा. मग स्वतःच शोधायचे. असं करत करत माणूस इंग्रजी व्याकरणाच्या पार तळाशी जाऊन बसला.

"मी इंग्रजी पुस्तकातनं शिकलोच न्हाई. लोकांच्या चुकांतनं शिकलो," हे ते अगदी सहज सांगायचे, दुसरा कुणी 'मी पोहायला विहिरीत शिकलो' म्हणेल तसं.

मी दुसऱ्याच दिवशी गेले आणि तिसऱ्या दिवशी मेहेकला घेऊन गेले. मेहेक तांबोळी, माझी कॉलेजातली मैत्रीण. मंडईमागे तिच्या अब्बांचं सुतळी-दोरांचं दुकान, आणि वर गॅलरीवालं घर. पिढ्यानपिढ्या तिथेच. गणितात मेहेकला पैकीच्या पैकी, आणि तिकडचं एक कॉलेज तिला पूर्ण स्कॉलरशिप द्यायला तयार होतं, फक्त इंग्रजीचा भाग वर आणा म्हणत होतं. फॉर्मच्या शेवटच्या तारखेच्या आत तिला एकदाच पुन्हा परीक्षा देता येणार होती. एकदाच. माझं म्हणाल तर मला जायचं होतं की नव्हतं हे मलाच नीट माहीत नव्हतं. मेहेकला माहीत होतं.

सरांची पहिली शिकवणी उसात झाली. खरंच, उसात! एक ऊस मोडून त्यांनी माझ्या हातात दिला, पाल्यासकट.

"खा."

"असा कसा खाऊ?"

"मग काय करशील?"

"हे वरचं काढीन."

"ह्याला पाचट म्हणत्यात. वाळलेला पाला. हां, तर ती परीक्षावाली लोकं हायेत ना, ती वाक्याला मुद्दाम पाचट लावत्यात. कर्ता बसवत्यात हितं मांजरीला आन क्रियापद टाकत्यात फुरसुंगीला. मधी सगळं पाचट. तू चालून चालून दमतीस आन फुरसुंगीला पोचंपर्यंत कोण निघालं होतं तेच इसरतीस."

मग पडवीत येऊन कानावरची पेन्सिल काढली. ब्लेडने तासून सुईसारखं टोक केलेली. एक वाक्य होतं, 'द रिपोर्ट ऑन द क्रॉप्स दॅट द फार्मर्स ऑफ सेव्हरल व्हिलेजेस ग्रो', आणि पुढे 'इज' की 'आर'. मी छातीठोक 'आर' म्हटलेलं, कारण शेतकरी, गावं, पिकं, सगळी जत्राच भरलेली. सरांनी सरसर रेघ मारली. पिकं गेली, शेतकरी गेले, गावं गेली. कागदावर उरला एकटा रिपोर्ट.

"आता बोल."

"इज."

"बास. कांडी दिसली की चूक व्हत न्हाई."

हा त्यांचा पहिला नियम, पाचट काढा. दुसरा नियम, सगळ्यात आखूड पर्याय आधी बघा, कारण "खोटं बोलणाऱ्याला शब्द जास्ती लागत्यात." आणि तिसरा, ज्यावर त्यांचा फारच जीव, "कानाला इचारू नका. कान लाचखाऊ हाय. जे रोज ऐकतो त्याला तो बरोबर म्हणतो."

आमच्या आधीच्या एसी क्लासमधला ट्रेनर उलटंच सांगायचा. काही सुचलं नाही तर 'गो विथ युवर गट'. मी हे सरांना सांगितलं.

"गट म्हंजे?"

"पोट, सर. म्हणजे आतून जे वाटतं ते."

सरांनी शांतपणे पेन्सिल तासली. "मग जेवायच्या आधी सगळी उत्तरं रिकामीच येत असतील त्याची."

काकू आतून हसल्या. काकूंना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण क्लास त्यांचा एकही चुकत नसे. तांदूळ निवडायचे, शेंगा फोडायच्या, कान मात्र पडवीत.

मेहेकचे अब्बा, तांबोळी चाचा, एकदा क्लास बघायला आले. तपासायलाच म्हणा ना. सर गोठ्याच्या दारात उभे होते. चाचांनी स्कूटर लावली, रुमालाने चेहरा पुसला आणि अगदी अदबीने विचारलं, "अहो, ते घुले सर कुठे भेटतील?"

"काय काम हाय?"

"मुलीच्या इंग्रजीचं बोलायचं होतं."

"मग बसा. धार काढून येतो."

चाचा आमच्याकडे बघायला लागले. मेहेकने जमिनीकडे बघितलं. सर हात पुसत आले, चहा आला. चाचांनी विचारलं, "सर, आपण इंग्रजी घेऊन एम.ए. का?"

"न्हाई. मॅट्रिकला इंग्रजीत नापास. दोनदा."

आता संपलं, असं मला वाटलं. पण चाचा चहा पूर्ण प्यायले, नमस्कार केला आणि स्कूटर सुरू करताना मेहेकला म्हणाले, "येत जा इथे. जो दुकानदार दोर कुठे कच्चा आहे ते आधी दाखवतो ना बेटा, त्याच्याकडचा माल घ्यावा."

सगळं मस्त चाललं होतं. आणि मग परीक्षा कम्प्युटरवर गेली.

म्हणजे आम्ही पहिल्यांदा दिली तेव्हा कागद-पेन्सिल होती. आता सगळं स्क्रीनवर. मेहेकच्या परीक्षेला महिना उरलेला. तिचा भाऊ सोहेल आयटीत आहे, त्याचा कंपनीचा लॅपटॉप घेऊन आम्ही सरांना दाखवायला गेलो. सरांनी चष्मा चढवला. वाक्य वाचलं. खूश झाले, चांगलं लांबलचक होतं. कानावरची पेन्सिल काढली. आणि आम्हाला कळायच्या आत...

कर्र!

स्क्रीनवर रेघ. डावीकडून उजवीकडे, एका दमात, सरळ.

म्हैससुद्धा रवंथ थांबवून बघत होती, शप्पथ. सरांनी रेघेकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "रबर हाय का?" आणि अहो, मेहेकने बावचळून खरंच रबर दिला आणि त्यांनी खरंच घासला! मग रेघेभोवती एक ढगही तयार झाला.

संध्याकाळी सोहेल न्यायला आला. "सर, ही लाइन..."

"माझी हाय," सर म्हणाले. मग जरा थांबून, "पण बरोबर जागी हाय."

त्यानंतर काकूंनी सोहेलला काकवीच्या बाटल्या धाडायचा सपाटा लावला. सोहेल हात जोडून म्हणाला, काकू, स्क्रीन बदलून मिळाली, आता बास.

पण त्या दिवशी सोहेल गेल्यावर सर बराच वेळ लॅपटॉप जिथे ठेवला होता त्या जागेकडे बघत बसले होते. मी सांगून पाहिलं की सर, स्क्रीनवर शब्द पिवळे करता येतात, पर्यायांवर काट मारता येते, कोरा कागदही देतात. ते म्हणाले, "पिवळं करून काय करू? मला काढायचंय. आन कागदावर उतरवत बसली तर पोरगी निम्म्यात असताना घंटा व्हईल."

मेहेकचा हात सरांनीच तयार केला होता. वाक्य दिसलं की तिची पेन्सिल आपोआप चालायची, आणि पेन्सिल नसली की तिला वाक्य दिसायचंच नाही. सरावाच्या पेपरात तिचा इंग्रजीचा आकडा पहिल्या परीक्षेपेक्षाही खाली गेला.

"माझ्याकडं आली नसती तर बरी राहिली असती," सर म्हणाले. कुणाला उद्देशून नाही. उसाकडे बघून.

दुसऱ्या दिवशी गेलो तर हुकूम, "हात मांडीखाली. दोघींनी."

हात मांडीखाली घेऊन बसलो. सर आमच्याकडे पाठ करून बसले आणि एक लांब वाक्य मोठ्याने वाचलं. एकदाच. "कोण? आन काय केलं? दोनच शब्द सांगायचे."

आठवतंय ना, कान लाचखाऊ? मी म्हटलंच. सर पाठ न वळवता म्हणाले, "कानावर मी लई अन्याय केलाय. आता त्याचे पाय धरतो."

तीन आठवडे रोज हे. सर वाचायचे, आम्ही मनातल्या मनात पाचट काढायचं आणि कांडी सांगायची. पहिल्या आठवड्यात दहातली तीन. मग सहा. मग नऊ! मेहेक तर वाक्य संपायच्या आधी सांगायची. सर मान हलवायचे, जोरात नाही, एवढीशी. मी त्यांना म्हटलं, सर, तुम्ही खूश झालात की किती कमी दिसतं हो! "म्हशीला सांगितलंय," ते म्हणाले.

आणि परीक्षेला आठ दिवस असताना काकू आतून म्हणाल्या, "मी सांगू का आता?"

"काय सांगतीस?"

"तुमचं ते. कोण आन काय केलं. वाचा बरं."

सरांनी गंमत म्हणून वाचलं. काकू सूप घेऊन दारात आल्या आणि दोन शब्द म्हणाल्या. उच्चार वेडावाकडा, पण शब्द बरोबर. आम्ही टाळ्या वाजवल्या. सरांनी दुसरं वाचलं. काकू बरोबर. तिसरं. बरोबर!

"अहो त्यात काय," काकू म्हणाल्या, "पाचटाला आवाज खाली जातो तुमचा. आन कांडी आली की चढतो. कीर्तनात बुवाचा चढतो तसा. मला वाटलं तुम्ही मुद्दाम करताय, पोरींना कळावं म्हणून."

टाळ्या थांबल्या.

सर उठले. मेहेकच्या पुढ्यात पुस्तक ठेवलं आणि म्हणाले, मनात वाच, हात मांडीखाली, दहा वाक्यं. मेहेकने वाचली. चार बरोबर.

ती रडली नाही. पुस्तक मिटून त्याच्यावर तळवा ठेवून बसली, बास. सर पडवीच्या पायरीवर जाऊन बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. टोपीशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते, एकदम लहान वाटले.

"तीन आठवडं मी पोरींना इंग्रजी न्हाई शिकवलं," ते म्हणाले. "माझा आवाज शिकवला."

मला शांत बसवत नाही हे तुम्हाला एव्हाना कळलं असेल. मी फोन काढला, म्हटलं सर, हा वाचेल ना, मशीन आहे, ह्याला काय कळतंय. फोनमधल्या बाईने वाचून दाखवलं. सरांनी दोन वाक्यं ऐकली. "बंद कर. ह्या बाईचा आवाज माझ्यापेक्षा जास्ती चढतो-उतरतो. हिला तर सगळंच कळतंय असं वाटतं."

तेवढ्यात चाचा मेहेकला न्यायला आले. वातावरण बघून काही विचारलं नाही. पुस्तक उचललं, खिशातला चष्मा लावला आणि नुसतं काहीतरी करायचं म्हणून शब्दाखाली बोट ठेवून वाचायला लागले. "दि. रिझल्ट. ऑफ. दि. एक्स. पेरी. मेंट. विच..." सगळे शब्द एकाच उंचीचे. गोदामात माल मोजून घेतात ना, हा एक, हा दुसरा, हा तिसरा, अगदी तसं.

सरांची मान वर झाली.

"शेठ, परत वाचा."

"नको सर, मुलींसमोर. माझं इंग्रजी हसण्यासारखं आहे."

"म्हणूनच," सर म्हणाले. "तुमच्या पाया पडतो शेठ, परत वाचा."

पुढचे सात दिवस, रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी, तांबोळी चाचा मंडईहून स्कूटर मारत मांजरीला आले. आणि मांजरीहून परत मंडई, दहाच्या आत शटर वर. पडवीत खाट टाकलेली असायची, त्यावर मध्यभागी चाचा, हातात पुस्तक, शब्दाखाली बोट. आम्ही खाली, हात मांडीखाली. सर मागे भिंतीला टेकून, डोळे मिटून.

पहिल्या दिवशी मेहेक कावरीबावरी झाली होती. अब्बा अडखळले की तिचे ओठ हलायचे, शब्द पुरवायला. सर डोळे न उघडता म्हणायचे, "मदत करू नको. त्यांचं त्यांना वाचू दे, तुझं तू ऐक." तिसऱ्या दिवशी तिचे ओठ थांबले. ती खाली बघून ऐकायला लागली आणि तिच्या कपाळाला एक बारीक आठी पडायची. मी शेजारी बसून बघत होते, त्या आठीमागे पाचट सुटतंय हे मला चक्क दिसायचं.

चौथ्या दिवशी चाचा एका वाक्यापाशी थांबले. "सर, हे मला जरा बरं वाटलं. ह्याचा अर्थ काय?"

सर घाबरलेच. "शेठ, परीक्षा होईस्तोवर अर्थ इचारू नका. अर्थ कळला की तुमचा आवाज बिघडंल."

"अच्छा," चाचा म्हणाले, आणि पुढचं वाक्य, न कळता, सपाट आवाजात, नीट वाचलं. आपण काय वाचतोय ते त्यांना कळत नव्हतं, पण कशासाठी वाचतोय ते चांगलंच कळत होतं. पोरगी ह्यातून पास झाली तर जाणार होती. एकदा काकू चहा देताना म्हणाल्या, "करमंल का हो तुमाला?" चाचांनी पान उलटलं.

सातव्या दिवशी दहातली आठ. मनात वाचून, स्क्रीनवर, पेन्सिलीशिवाय.

परीक्षेच्या दिवशी सर सेंटरवर आले नाहीत. "मी दिसलो तर माझा आवाज कानात यील तिच्या," म्हणाले. दिवसभर उसाला पाणी धरून बसले. काकू म्हणाल्या, सोसायटीच्या गेटपर्यंत पाणी वाहत गेलं तरी मोटर बंद करायचं भान नव्हतं.

रिझल्ट आला. पैकीच्या पैकी नाही, पण पुरेसा. पुरेसाहून थोडा जास्तच! मेहेक ओरडली, मी ओरडले, सोहेल ओरडला, आणि आम्ही तिघं सोहेलच्या गाडीत बसून थेट मांजरीला. सर म्हशीला वैरण टाकत होते. मेहेकने आकडा सांगितला. सरांनी उरलेली वैरण टाकली, हात झटकले.

"काही चुकले?"

"हो सर. थोडे."

"कंचे?"

"ते नाही कळत. नुसता आकडा देतात. कुठला प्रश्न चुकला ते सांगत नाहीत."

सरांना ते समजेचना. त्यांनी दोनदा विचारलं. म्हणजे पेपर परत येत नाही? दुरुस्त करून कुणीच पाठवत नाही? "मग माणूस शिकतो कशातनं?"

मग एकदम खाटेवर बसले, मेहेकला समोर बसवलं. "बरं, तुला आठवतील तसे सांग. कुठं अडलीस? मला बघायचंय पोरी. पेन्सिल काढून घेतली ते बरं केलं का वाईट केलं. त्या तीन आठवड्यांमुळं चुकले असले तर ती चूक माझी हाय, ती मला बघायला पायजे." त्यांनी कानावरची पेन्सिल काढली.

मेहेक म्हणाली, "सर, आठवतात मला. पण प्रश्न बाहेर कुणाला सांगायचे नाहीत असं लिहून घेतलंय. मी सही केलीय." आणि घाईने, "पण तुम्हाला सांगते ना. कुणाला कळणार आहे?"

"सही केलीस?"

"हो, पण..."

सरांनी पेन्सिल परत कानावर ठेवली. "मग न्हाई. आमच्या ऑफिसात लई कागद बंद पाकिटातले असायचे. टाइप करायचं आन इसरायचं." उठून गोठ्याकडे गेले. आम्हाला वाटलं विषय संपला. पण नंतर कधीही गेलं की ते मेहेककडे एकदा असं बघायचे आणि मग दुसऱ्याच कशावर तरी बोलायचे. काकू मला हळूच म्हणाल्या, "झोपेत बडबडत्यात. इज का आर, इज का आर."

मेहेक गेली त्या दिवशीचं सांगते आणि थांबते.

तांबोळींच्या घरी ही गर्दी. जिन्यात चपलांचा ढीग, अम्मी बॅगेत चिवडा कोंबतायत, सोहेल वजनकाटा घेऊन ओरडतोय, आणि प्रत्येक जण मेहेकला थंडीत काय घालायचं ते सांगतोय. सर दुपारी आले. इस्त्रीचा सदरा, पायात बूट. बूट! पंधरा मिनिटं खुर्चीच्या कडेवर बसले, सरबत प्यायले, मेहेकच्या डोक्यावर हात ठेवला, "जपून ऱ्हा" म्हणाले आणि उतरले.

दोनच मिनिटांत जिन्यात पुन्हा बूट वाजले. सर परत आले होते. धाप लागलेली. दारात उभे राहिले. मेहेक बॅग सोडून पुढे गेली. मी तिथेच होते, मला तिचं बोलणं ऐकू आलं.

"विचारा ना सर. सांगते मी. खरंच सांगते."

सरांनी तिच्याकडे बघितलं. खूप वेळ नाही, पण इतकं, की आजूबाजूची बडबडही जरा कमी झाली. पेन्सिलीसाठी हात कानाकडे गेला. तसाच खाली आला. आणि मग तिच्या खांद्यावरून आत बघत म्हणाले, "शेठ."

चाचा सुतळी घेऊन बॅग बांधत होते. "बोला सर."

"उद्या सकाळी येणार का?"

"उद्या?" चाचांच्या हातात गाठ तशीच राहिली. "आता कशाला सर? परीक्षा झाली. ही तर रात्रीच्या विमानाने..."

"असंच," सर म्हणाले. "चहा घिऊ."

चाचांनी खाली मान घालून ती गाठ घट्ट केली, मग उगाचच तिच्यावर आणखी एक मारली. मग मान डोलावली.

सर उतरून गेले. मी गॅलरीत धावले. खाली बोळात त्यांची जुनी लूना भिंतीला लावलेली होती. तिच्यावर बसण्याआधी त्यांनी भिंतीचा आधार घेऊन एक बूट काढला, मग दुसरा, दोन्ही पिशवीत घातले, पिशवीतल्या रबरी चपला पायात सरकवल्या. दोन-चार पायडल मारली. सुरू झाली नाही. मागे टेम्पोवाला हॉर्न द्यायला लागला, "ओ आजोबा, घ्या की बाजूला!"

"तुला कुठं फुरसुंगीला जायचंय का?" सर वळून म्हणाले. टेम्पोवाल्याने हॉर्नवरचा हात काढला. लूना सुरू झाली आणि सर मंडईच्या गर्दीत, फुलांच्या हातगाड्यांमधून वाट काढत, पिशवीतले बूट गुडघ्यावर आपटत, निघून गेले.